ओढीचा घोडा: पारख, ओझ्याचं गणित आणि जुंपणी

घोडा गाडी ओढतो असं आपण सहज म्हणतो. जवळ उभं राहून पाहिलं तर दिसतं की तो गाडी ढकलतोय. मागचे पाय जमिनीत रोवतो, पुठ्ठ्यातून जोर काढतो, मान किंचित खाली घेतो आणि अंगाचा सगळा भार छातीवरच्या पट्ट्यावर टाकतो. पट्टा पुढं सरकतो, त्यामागे गाडी येते. हे एकदा डोळ्यांत बसलं की ओढीचा घोडा कसा असावा, हे अर्धं कळलं. त्याला अंगभार हवा, पट्टा टेकायला खांदा हवा, मागून जोर काढायला पुठ्ठा हवा आणि तो जोर जमिनीपर्यंत नेणारे पाय हवेत. जातीचं नाव, रंग, कान, अंगावरच्या केसांचे भोवरे हे सगळं नंतर.

पाचगणीच्या टेबल लँडवरची गाडी असो, मिरजेतला टांगा असो, वरातीची बग्गी असो की शेतावरची हलकी गाडी, घोडा घेताना बहुतेक जण उंची आणि डौल पाहतात. तो निकष स्वारीच्या घोड्याचा आहे. त्या मापाने घेतलेला घोडा ओढकामात वर्षाच्या आत पायाने जातो किंवा अडेल होतो, आणि दोष घोड्याच्या माथी बसतो.

विलायती थोराड जाती आणि आपले घोडे

हल्ली मोबाइलवर पायांना झुपकेदार केस असलेले, हत्तीसारखे घोडे सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते बहुतेक इंग्लंडचे शायर किंवा स्कॉटलंडचे क्लाइड्सडेल. फ्रान्सच्या पर्श भागातला पर्शरॉन करडा किंवा काळा असतो, त्याच्या पायांना केस बेताचेच. बेल्जियन बहुतेक तांबूस आणि फिकट आयाळीचा. सफोक पंच फक्त तांबड्या छटांतच मिळतो आणि त्याचे पाय स्वच्छ असतात, कारण सफोकच्या चिकणमातीत केसाळ पाय म्हणजे चिखलाचे गोळे. या सगळ्या जातींचं वजन साधारण 700 ते 1,000 किलो, उंची 64 ते 72 इंच, काही त्याहून मोठे. 1846 साली इंग्लंडमध्ये जन्मलेला सॅम्पसन नावाचा शायर साडेशहाऐंशी इंच भरला आणि 1,524 किलोपर्यंत गेला. परदेशी पुस्तकांत उंची ‘हँड’मध्ये असते, एक हँड म्हणजे 4 इंच. आपल्या बाजारात, अकलूजला किंवा सारंगखेड्याला, सरळ इंचातच बोलतात.

शर्यतीचा थरोब्रेड 62 ते 66 इंच आणि 450 ते 550 किलो. म्हणजे उंचीला तो पर्शरॉनच्या जवळपास जातो, पण वजन निम्मं. उंची पाहून ओढ ठरत नाही ती इथं. मारवाडी आणि काठियावाडी या वाळवंटी, लांब पल्ल्याच्या स्वारीच्या जाती. अंग आटोपशीर, कातडी पातळ, कानांची टोकं आत वळलेली, काही घोड्यांना उपजत रवाल चाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी झपझप चाल. वजन ढोबळ 300 ते 400 किलो. हलका टांगा किंवा बग्गी ते उत्तम ओढतात, जड माल नव्हे. भीमथडीचं तट्टू म्हणजे आपलं दख्खनी घोडं. भीमेच्या खोऱ्यातलं, मराठ्यांच्या फौजेनं ज्याच्या पाठीवर मुलूख तुडवला ते. उंची 51 इंचांच्या आसपास, खूर टणक, कमी चाऱ्यावर तगणारं. आता त्याला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी घोडी दिसतात, त्यांत याच रक्ताची पुष्कळ.

मग सांगलीच्या माणसानं पर्शरॉनची हौस धरावी का? आमचं मत स्पष्ट आहे, धरू नये. घोड्याचं अंग जसं मोठं होतं तसं वजन भराभर वाढतं, पण घाम सुटणारी कातडी त्या मानाने वाढत नाही. आठशे किलोच्या घोड्यात काम करताना तयार झालेली उष्णता बाहेर पडायला जागाच अपुरी पडते. थंड मुलखात ते चालून जातं. मिरजेच्या एप्रिलमध्ये तो घोडा सकाळी आठलाच धापा टाकेल. केसाळ पायांच्या जातींत पायांची सूज आणि केसांखाली कातडी सडणं हा कायमचा त्रास, आणि आपल्या पावसाळ्यात तो दुप्पट. शिवाय पर्शरॉन आणि बेल्जियनमध्ये स्नायू आखडण्याचा एक आनुवंशिक आजार बराच आढळतो. या जातींकडून घ्यायचं ते त्यांच्या अंगाची ठेवण कशी असते याचं शिक्षण. तीच ठेवण छोट्या मापात आपल्या घोड्यांत शोधायची.

पारख: टेप घेऊन जा

बाजारात जाताना शिंप्याची टेप आणि कागद-पेन्सिल बरोबर ठेवा. पहिलं माप छातीच्या घेराचं. पुढच्या पायांच्या लगेच मागून, मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो त्याच्या किंचित मागून टेप फिरवा, घोड्यानं श्वास सोडल्यावर वाचा. दुसरं माप अंगाच्या लांबीचं, खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि 11,900 नं भागायचं. मापं सेंटिमीटरमध्ये असली तर उत्तर किलोत येतं. घेर 160 आणि लांबी 148 असेल तर 160 × 160 × 148 म्हणजे 37,88,800, भागिले 11,900, म्हणजे सुमारे 318 किलो. विक्रेता चारशे सांगत असला तरी तुमचा आकडा धरा. पुढचं सगळं गणित याच आकड्यावर उभं आहे.

तिसरं माप नळीचं, पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली, सर्वांत बारीक जागी. थोराड जातींत हा घेर 10 ते 12 इंच असतो. आपल्या तीनशे-साडेतीनशे किलोच्या घोड्यात 7 इंच मिळाला तर चांगलं, साडेसहाच्या खाली असेल तर घोडा स्वारीला द्या, गाडीला नको. नळी बोटांनी चाचपा. हाड आणि मागची शीर वेगवेगळी, दोरीसारखी कडक लागली पाहिजे. मध्ये मऊ फुगवटा, गरमपणा किंवा दुखून पाय ओढून घेणं म्हणजे शिरेची जुनी दुखापत.

आता खांदा. पाठीच्या उंचवट्यापासून खांद्याच्या पुढच्या टोकापर्यंत मनात एक रेघ ओढा. स्वारीच्या घोड्यात ती बरीच तिरकी, जमिनीशी 45 ते 50 अंशांची असते. त्यामुळे पाऊल लांब पडतं आणि स्वाराला धक्का बसत नाही. ओढीच्या घोड्यात ती उभट, 55 ते 60 अंशांची असते. उभट खांद्यावर पट्टा किंवा कॉलर सपाट टेकते आणि दाब एका जागी न येता पसरतो. त्याच उभट खांद्याच्या घोड्यावर बसलात तर हाडं खिळखिळी होतील. एकच घोडा दोन्हीत अव्वल असणं अवघड, ते यासाठी.

पाठ आखूड हवी, लांब पाठीतून मागचा जोर पुढं येईपर्यंत गळतो. छाती समोरून रुंद, दोन पायांत वीतभर अंतर. पुठ्ठा मागून पाहिला तर वर रुंद आणि खाली मांडीपर्यंत भरलेला. मागच्या पायांचे गुडघे एकमेकांकडे वळलेले असतील तर ओढताना सगळा ताण तिथंच येतो आणि तिथं सूज धरते. खूर पसरट आणि गोल, टाच उघडी, तळातला रबरासारखा त्रिकोण जमिनीला टेकणारा.

दात स्वतः बघा. मधले पक्के दात अडीच वर्षांनी येतात, त्याच्या बाजूचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. पाच वर्षांचा घोडा ‘पुरा’. ओढीला पाच ते दहा वर्षांचा सर्वांत बरा. तीन वर्षांचं शिंगरू ‘शिकलेलं आहे’ म्हणून कोणी गाडीला जुंपून दाखवत असेल तर समजावं की त्याच्या सांध्यांवर आधीच ओझं पडलंय.

शेवटी चालवून बघा. कडक जमिनीवर, सैल दोरीवर, आधी चालीनं आणि मग दुडकीत. दुडकीत डोकं प्रत्येक पावलाला सारखं वर-खाली होत असेल तर पुढचा पाय दुखतोय. दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. मग दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवून त्याला मागं रेटा. ओढीच्या स्वभावाचा घोडा तुमच्या हातांवर भार टाकतो. मागं उडी मारणारा, कान पाडून पाय आपटणारा घोडा पट्ट्याचा दाब लागला की तेच करणार. मोटरसायकल जवळून न्यायला सांगा, पत्र्याचा डबा वाजवा. बुजला तरी चालेल, बुजून लगेच शांत झाला पाहिजे. भोवऱ्यांमुळे किंमत वर-खाली होते, भोवऱ्यानं गाडी हलत नाही.

एक गोष्ट कधीच टाळू नका. सौदा पक्का करण्याआधी ग्लँडर्ससाठी रक्त तपासून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवता येतो, खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नाकातून चिकट पिवळा स्राव आणि अंगावर फुटणाऱ्या गाठी ही लक्षणं, पण वरून धडधाकट दिसणाऱ्या घोड्यातही हा आजार असतो. तो माणसालाही होतो. बाधित घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला कायद्याने मारावं लागतं.

ओझ्याचं गणित

घोडा दिवसभर, न थकता, आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा ताण देऊ शकतो. तेही चालीनं, ताशी 4 किलोमीटरच्या आसपास. आपल्या 318 किलोच्या घोड्याचे झाले 32 किलो. 800 किलोच्या पर्शरॉनचे 80 किलो. बैलाचंही प्रमाण जवळपास हेच, फक्त तो ताशी अडीच-तीन किलोमीटरनं चालतो. म्हणून साडेचारशे किलोचा खिल्लार ताणाला आपल्या घोड्यापेक्षा सरस आणि वेगाला मागं. काळ्या रानात नांगराला शंभर किलोच्या पुढं ताण लागतो. ते काम खिल्लार जोडीनं किंवा ट्रॅक्टरनं करावं, दख्खनी घोड्याच्या गळ्यात टाकू नये. कोळपणी, हलकं वखरणं, वैरणीची गाडी इथपर्यंत घोडा चालतो.

ताण आणि ओझं एक नव्हे, इथंच घोडं पेंड खातं. चाकांवरची गाडी ओढायला तिच्या वजनाचा थोडाच हिस्सा ताण लागतो. हवेचे टायर, चांगले बेअरिंग आणि सपाट डांबर असेल तर अडीच टक्क्यांच्या आसपास. कच्च्या रस्त्यावर 6 टक्के. नांगरटीत किंवा वाळूत 15 टक्के आणि वर. चढ असेल तर त्यात चढाची टक्केवारी थेट मिळवायची.

टांगा 200 किलोचा, चालकासह पाच माणसं 325 किलो, एकूण 525. सांगली-मिरज सपाट डांबरी रस्त्यावर ताण 13 किलो. घोडा खुशाल जाईल. तीच गाडी कच्च्या रस्त्याला लागली की 31 किलो, म्हणजे मर्यादेला टेकली. आणि वाईहून पसरणी घाटासारख्या रस्त्याला, वीस मीटरला एक मीटर चढ धरला, तरी 5 टक्के वाढून ताण 39 किलो. घोडा ओढेल, काही मिनिटं दुप्पट ताणही देईल, पण घाटभर नाही. मग दोन माणसं उतरवा आणि दर दोनशे-अडीचशे मीटरवर चाकाला दगड लावून त्याला दम घेऊ द्या. दगड विसरलात तर गाडी मागं खेचत राहते आणि विश्रांती मिळतच नाही.

दुडकीचा हिशेब लोक विसरतात. कामाची ताकद म्हणजे ताण गुणिले वेग. चालीचा वेग 4 आणि दुडकीचा 12 धरला तर तेवढ्याच दमात घोडा तिसराच हिस्सा ताण देऊ शकतो. 32 चे झाले 11 किलो. म्हणजे भरलेला टांगा सपाट डांबरावर दुडकीत सलग पळवणं हे त्याच्या दिवसभराच्या ताकदीच्या आधीच बाहेर आहे. थोडं दुडकी, थोडी चाल, असंच जायला हवं. जेम्स वॅटने ठरवलेली एक अश्वशक्ती 746 वॅटची. आपला हा घोडा दिवसभर जेमतेम अर्धी अश्वशक्ती देतो, आठशे किलोचा पर्शरॉन एकाहून थोडी जास्त.

कायद्याची मर्यादा वेगळी आहे आणि ती पाळावीच लागते. ओढीच्या आणि भारवाहू जनावरांबाबतच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार दुचाकी गाडीला हवेचे टायर असतील तर घोड्याला 750 किलो आणि तट्टाला 600, नसतील तर अनुक्रमे 500 आणि 400. एक किलोमीटर किंवा जास्त लांबीचा, 30 मीटरला 3 मीटरहून जास्त चढ असेल तर हे आकडे निम्मे. चालक आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच प्रवासी. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. ही वरची टोकं आहेत. तुमच्या घोड्याचं वजन कमी असेल तर वरचं गणित आधी लावा.

टायरमधली हवा रोज बघा. निम्मी हवा असलेल्या टायरवर घोडा दिवसभर जणू चढच चढत असतो.

साज बसवणं

बैल वशिंडापुढं जू घेऊन ओढतो. घोड्याला वशिंड नाही, आणि जू किंवा मानेभोवतीचा पट्टा त्याच्या श्वासनळीवर येतो. जितका जोर लावेल तितका गुदमरेल. म्हणून घोड्याला दोनच पर्याय, छातीपट्टा किंवा गादीदार कॉलर. टांगा-बग्गीला छातीपट्टा पुरतो. रोज कच्च्या रस्त्यावर माल ओढायचा असेल तर कॉलर, कारण ती दोन्ही खांद्यांवर मोठ्या क्षेत्रात दाब पसरवते.

छातीपट्टा चार बोटं रुंद, आतून जाड लोकरी नमदा किंवा मऊ चामडं. खांद्याच्या पुढच्या हाडाच्या वर आणि गळ्याच्या खड्ड्याच्या खाली, मधल्या मांसल जागेवर तो आडवा बसला पाहिजे. वर गेला तर श्वास अडतो, खाली आला तर खांद्याचं हाड प्रत्येक पावलाला घासतं. नायलॉनचा नागडा पट्टा वापरू नका, तो घामात करवतीसारखा चालतो. कॉलर असेल तर मान सरळ असताना खालच्या बाजूला, श्वासनळी आणि कॉलर यांच्यामध्ये चार बोटं सपाट जावीत, बाजूनं बोटं आडवी सहज सरकावीत. सैल कॉलर घासते, घट्ट गुदमरवते. हंगामात घोडा उतरला की मानही बारीक होते, तेव्हा आतली गादी बदला.

ओढीचे पट्टे खांद्यापासून गाडीकडे किंचित उतरते जावेत, फार नाही. गाडीला ते फार खाली बांधले तर प्रत्येक ओढीत छातीपट्टा खाली खेचला जातो.

टांग्याचा तोल ही सर्वांत दुर्लक्षिलेली गोष्ट. माणसं बसल्यावर दांडीचं टोक दोन बोटांनी उचलून पाहा. हलकं, पाच ते दहा किलो वजन लागलं तर बरोबर. जड लागलं तर माल पुढं आहे, घोड्याच्या पाठीवर जखम होणार. दांडी वरच उठत असेल तर मागं जास्त बसलेत, पोटाखालचा पट्टा घोड्याला उचलू पाहतोय आणि त्याचे पुढचे पाय घसरणार. माणसं पुढं-मागं सरकवा, बसच्या तिकिटासारखं ‘कुठंही बसा’ चालत नाही. उतारासाठी पुठ्ठ्यामागून फिरणारा पट्टा हवाच, तो मांडीच्या मधोमध, शेपटीच्या मुळापासून वीत-दीड वीत खाली. तो नसेल तर उतारावर गाडी घोड्याच्या मागच्या पायांवर येते आणि घोडा उधळतो.

काम संपल्यावर साज काढून घामाचे डाग बघा. अंगभर ओलं आणि पट्ट्याखाली एकच कोरडा ठिपका दिसला तर तिथं दाब जास्त आहे. कातडी मऊ नसेल, केस तुटलेले असतील, तर त्याच दिवशी गादी दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी जखम होते, आणि बरी झाल्यावर तिथं पांढरे केस येतात. पाठीवर, खांद्यावर असे पांढरे ठिपके असलेला घोडा विकत घेताना मागच्या मालकाचा साज कसा होता ते कळतंच.

गाडीला शिकवणं

चार वर्षांच्या, हाताळणीला सरावलेल्या घोड्याला सहा ते आठ आठवडे लागतात. रोज वीस ते तीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पहिले दोन आठवडे साज चढवून, दोन लांब लगामांनी मागून चालत हाकायचं. थांब, चल, वळ, मागं हो, हे शब्द याच काळात पक्के व्हावेत. ‘थांब’ पक्का झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. तिसऱ्या आठवड्यात ओढीच्या पट्ट्यांना आधी एक माणूस हातानं धरून मागून ताण देतो, हळूहळू वाढवत. मग मोटरसायकलचं जुनं टायर दोरीनं बांधून ओढू द्या. दोरी इतकी लांब की टायर मागच्या पायांना लागणार नाही. आवाजाला सरावला की मोटरसायकलचं सोडून जीपचं टायर. याच सुमारास दोन बाजूंना हलके बांबू बांधून त्याला वळायला शिकवा, म्हणजे दांड्यांचा स्पर्श परका वाटणार नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात रिकामी गाडी, मोकळ्या मैदानात, सपाट जागी, पुढं एक माणूस दोरी धरून. गाडी घोड्याकडे आणायची, घोड्याला दांड्यांत मागं रेटायचं नाही. जुंपताना आधी दांड्या, मग ओढीचे पट्टे, शेवटी मागचा पट्टा. सोडताना उलट क्रम. लगाम मात्र सगळ्यांत आधी हातात आणि सगळ्यांत शेवटी सोडायचा. दांडीत बांधलेल्या घोड्याचा लगाम काढला तर तो बुजल्यावर थांबवायला हातात काहीच उरत नाही.

घोडा अडेल होतो तो जवळजवळ नेहमी एकाच कारणानं. त्यानं जोर लावला आणि गाडी हलली नाही. दोन-तीनदा असं झालं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं की या पट्ट्याला रेटून काही होत नाही. मग चाबूक, ओरडणं, शेपूट पिरगाळणं, सगळं त्याची समजूत अधिक पक्की करतं. अडलेल्या घोड्याची गाडी रिकामी करा, दोन माणसांनी चाकाला हात लावून ती त्याच्या पहिल्या रेट्याबरोबर हलवा, दहा पावलं झाली की थांबवा, थोपटा, सोडा. पुढचे पंधरा दिवस ‘रेटलं की हलतं’ एवढंच शिकवायचं. सुरुवातीपासून ओझं हळू वाढवलं तर ही वेळ येत नाही.

चारा

पोटाला रोज वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडं खाद्य, त्यात दीड टक्का तरी वैरणच. 318 किलोच्या काम करणाऱ्या घोड्याला कुट्टी केलेला चांगला कडबा किंवा वाळलं गवत 5 किलो, हिरवा लसूण घास 4 ते 5 किलो, आणि खुराक 2 ते अडीच किलो, तीन वेळांत वाटून. एका तोबऱ्यात दीड किलोच्या वर धान्य घालू नका, पोटशूळ तिथून सुरू होतो. खुराकात भरडलेला आणि भिजवलेला हरभरा एक भाग, जव किंवा ओट एक भाग, मीठ 30 ग्रॅम, घाम जास्त त्या दिवशी दुप्पट. पाणी सावलीत उभ्या घोड्याला 25 लिटर, काम आणि ऊन असेल तर 40 ते 50.

सांगली-साताऱ्यात गाळप हंगामात उसाचं वाढं स्वस्त आणि भरपूर. गाईम्हशींप्रमाणे घोड्यालाही तेच घातलं जातं, आणि ही मोठी चूक आहे. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. त्यात गव्हाच्या कोंड्याचा मारा असेल तर फॉस्फरसही जास्त होतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. महिनोन्महिने असं चाललं की जबड्याची आणि नाकाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, घोडा आज या पायानं तर उद्या त्या पायानं लंगडतो, दाताखाली चारा धरत नाही. नेपियर गवतातही ऑक्झॅलेट असतं. वाढं घालायचंच तर एकूण हिरव्याचा चौथा हिस्सा, कोंडा पाव किलोच्या आत, आणि जोडीला लसूण घास, कारण त्यात कॅल्शियम भरपूर. गरज पडली तर पशुवैद्याला विचारून कॅल्शियम कार्बोनेटची पूड. पानात खायचा चुना नव्हे. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नकोच, तिनं मूत्राशय आणि मागच्या पायांच्या नसा बिघडतात. वाळलेल्या कडब्याचा तसा त्रास नाही, फक्त बुरशी आलेला टाकून द्या.

गाईंच्या काही तयार खाद्यांत आणि कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं, थेट हृदयावर जातं. गोठा आणि पागा शेजारी असेल तर घमेली वेगळी ठेवा.

ऊन, खूर, सुट्टी

विसाव्यातल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, ताप साडेसदतीस ते साडेअडतीस अंश. काम थांबवल्यावर दहा मिनिटांत नाडी 60 च्या खाली आली पाहिजे. जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. नाडी खाली येत नसेल तर ओझं किंवा ऊन, दोन्हींतलं एक जास्त झालंय. घाम येणं बंद होऊन अंग तापलेलं, ताप 40 च्या वर, तर सावलीत आणा आणि अंगभर पाणी ओतत राहा. थांबू नका. गार पाण्यानं घोडा आखडतो ही समजूत खोटी आहे. पिण्यासाठी चार-पाच लिटर, पाच मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच.

नाल पाच ते सहा आठवड्यांनी काढून खूर छाटून पुन्हा बसवायची, झिजली नसली तरी. खूर वाढतच असतो, नाल तशीच राहिली तर टाच दबते. गुळगुळीत झालेल्या डांबरावर सपाट नाल घसरते, म्हणून नालबंदाकडून खडबडीत टोकांचे खिळे मारून घ्या. खुराच्या तळातून कुजका वास येत असेल तर पागा ओली आहे.

आणि सणाची सुट्टी. दिवाळीत तीन दिवस घोडा उभा असतो, खुराक रोजचाच चालू असतो, आणि चौथ्या दिवशी त्याला एकदम भरल्या गाडीला जुंपतात. अर्धा किलोमीटर जातो न जातो तोच मागचे पाय ताठ होतात, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, घाम फुटतो, लघवी कॉफीच्या रंगाची येते. त्याला तिथंच थांबवा, चालवत घरी आणू नका, गाडी सोडा, पुठ्ठ्यावर पोतं टाका, पाणी द्या आणि पशुवैद्याला तिथंच बोलवा. हे टाळणं सोपं आहे. सुट्टीच्या दिवशी खुराक निम्म्यावर आणा, वैरण तशीच ठेवा, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास दोरीवर फिरवून आणा.